आव्हिन्योंचा राजवाडा दुपारी पाहून परत फिरू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण फ्रान्सच्या प्रवासावर आलेला लेख मी आवडीने वाचला. पॅरिसहून समुद्राकडे जाताना वाटेत लागणाऱ्या आव्हिन्यों या शहराविषयी त्यात तीनच वाक्ये होती आणि पोपचा राजवाडा व ऱ्होन नदीवरचा मोडका पूल दोन तासांत पाहून होतो, असे त्यांतल्या शेवटच्या वाक्यात म्हटले होते. हे म्हणणे खोटे नाही. राजवाडा आणि पूल खरोखरच तेवढ्या वेळात पाहून होतात. परंतु लेखातला प्रवास जुलै महिन्यातला आहे. जुलैतले आव्हिन्यों दोन तासांत उरकणे हे आषाढीला पंढरपुरात उतरून चंद्रभागेचा घाट तेवढा पाहून परतण्यासारखे आहे. 2025 साली तर तिथला नाट्यमहोत्सव 5 जुलैला सुरू झाला आणि आपली आषाढी एकादशी दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून ही तुलना मला सहज सुचली.

माझा राग लेखकावर नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः त्या शहरात याच रीतीने जाऊन आले आहे. एका सहलीबरोबर आम्ही जुलैच्या मध्यावर भर दुपारी तिथे उतरलो होतो आणि जेवणासकट अडीच तास मिळाले होते. तटबंदीच्या दरवाजातून आत शिरल्यापासून खांबांना, खिडक्यांच्या गजांना, कठड्यांना नाटकांच्या जाहिराती सुतळीने बांधलेल्या दिसत होत्या. राजवाड्याच्या मोठ्या चौकात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा उन्हात तापत होत्या. मी विचारले, तेव्हा सहलीच्या व्यवस्थापकांनी "इथे रात्री काही कार्यक्रम असतात" एवढेच सांगितले आणि आम्हाला पुलाकडे नेले. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघात तीस वर्षे कधी रंगमंचावर, तर अधिक वेळा विंगेत उभी राहिलेली मी जगातल्या एका थोर नाट्यमहोत्सवाच्या ऐन मध्यात उभी होते आणि मला ते कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर वाचून कळले, तेव्हा जी हळहळ वाटली ती पुढे कित्येक वर्षे गेली नाही. मुलगी नोकरीनिमित्त ल्योंला राहायला गेली, तेव्हा तिच्याकडे मी पहिली मागणी केली ती हीच, आणि 2025 च्या जुलैत आम्ही दोघी सहा दिवस आव्हिन्योंला मुक्काम करून आलो. त्या सहा दिवसांच्या आधारावर हे पत्र लिहिते आहे.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो मार्गदर्शक पुस्तिकांत मिळतो. 1309 साली पोप पाचवे क्लेमेंट आव्हिन्योंला आले आणि 1377 पर्यंत पोपची गादी रोमऐवजी इथे होती. आजचा राजवाडा मुख्यतः बारावे बेनेडिक्ट आणि सहावे क्लेमेंट या दोन पोपांच्या काळात, म्हणजे 1335 नंतरच्या वीसेक वर्षांत उभा राहिला. पोप रोमला परतल्यावरही हे शहर त्यांच्याच मालकीचे राहिले आणि फ्रान्सला मिळाले ते थेट राज्यक्रांतीच्या काळात, 1791 साली. गावाभोवतीचा चार किलोमीटरांहून लांब तट आजही जवळजवळ अखंड आहे. पुलाच्या 22 कमानींपैकी मात्र चारच उरल्या आहेत. एवढे दुपारच्या अडीच तासांत कळते.

जे कळत नाही ते 1947 सालापासून सुरू होते. युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती आणि 1944 च्या बॉम्बफेकीचे घाव शहराच्या अंगावर ताजे होते. कलासमीक्षक क्रिस्तियाँ झेर्व्होस आणि कवी रने शार हे राजवाड्याच्या मोठ्या प्रार्थनागृहात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन भरवीत होते. त्या निमित्ताने एखादा प्रयोग व्हावा, म्हणून त्यांनी ज्याँ व्हिलार या 35 वर्षांच्या नट-दिग्दर्शकाला बोलावले आणि पॅरिसमध्ये गाजलेले आपले नाटक राजवाड्याच्या चौकात करावे, असे सुचवले. व्हिलार यांनी आधी नकार दिला, कारण तो चौक त्यांना नाटकाच्या मानाने फार अवाढव्य आणि बेढब वाटला. मग त्यांनीच उलट प्रस्ताव ठेवला, की जुने नाटक नको, तीन नवी नाटके उभी करतो. शहराचे महापौर पाठीशी उभे राहिले, सैन्याच्या अभियंता दलातील जवानांनी रंगमंच ठोकून दिला, आणि सप्टेंबरच्या एका आठवड्यात शेक्सपिअरचा 'दुसरा रिचर्ड', पॉल क्लोदेल यांचे एक नाटक आणि मोरीस क्लाव्हेल या तरुण लेखकाचे एक नाटक, असे तिन्ही प्रयोग झाले. त्या आठवड्यात सुमारे 4,800 प्रेक्षक आले आणि त्यांपैकी तिकीट काढून आलेले 2,900 होते. उरलेल्यांना फुकट बसवले होते, आणि नव्या नाटकाला प्रेक्षक कसा मिळवावा लागतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या दोन आकड्यांमधल्या अंतराचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पुढच्या वर्षापासून हा उत्सव जुलैत भरू लागला आणि व्हिलार यांनी 1971 साली मृत्यू येईपर्यंत तो सांभाळला. गॅस, पाणी आणि वीज जशी नागरिकाला मिळाली पाहिजे तसे नाटकही मिळाले पाहिजे, ते सार्वजनिक सेवेचे काम आहे, असे ते म्हणत असत. आव्हिन्योंत सहा दिवस काढल्यावर हे वाक्य मला केवळ घोषणा वाटेनासे झाले.

दुपारी ओसाड वाटलेला तोच चौक रात्री कसा होतो, हे मला सांगायचे आहे. चौकात सुमारे 2,000 माणसे बसतात. समोर नेपथ्याचा पडदा नसतो, तिथे राजवाड्याचीच भिंत असते, पुरुषभर उंचीच्या कोनाड्यांची आणि कमानदार खिडक्यांची, जवळजवळ तीस मीटर उंच. फ्रान्सच्या दक्षिणेत जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून प्रयोग दहाला सुरू होतात. आम्ही जाऊन बसलो तेव्हा आकाश जांभळे होते आणि भिंतीच्या वर पाकोळ्यांचे थवे कर्कश ओरडत गरगर फिरत होते. ते जसजसे कमी झाले तसतसे लोकही आपोआप शांत झाले. आपल्याकडे तिसऱ्या घंटेला प्रेक्षागृहात जी एक शांतता पसरते, तीच ही शांतता होती, मात्र इथे घंटेऐवजी तुताऱ्या वाजल्या. त्या तुताऱ्यांची धून मोरीस जार यांनी व्हिलार यांच्या नाटकांसाठी बांधली होती. पुढे हेच जार चित्रपटसंगीतासाठी जगभर नावाजले गेले, पण या चौकात त्यांची ती छोटीशी धून आजही प्रयोगाच्या आधी वाजते. मुलीने माझा हात धरला, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलेले तिने पाहिले.

त्या रात्रीचा प्रयोग कोमेदी-फ्रान्सेझ या 1680 साली स्थापन झालेल्या नाट्यसंस्थेचा होता आणि नाटक पुन्हा क्लोदेल यांचेच, रात्री दहाला सुरू होऊन मध्यंतरांसह पहाटे सहापर्यंत चालणारे. हे नाटक 1987 साली दिग्दर्शक अंत्वान व्हितेझ यांनी याच चौकात रात्रभर केले होते, हे आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. ते तेव्हाही आले होते. आठ तास नाटक म्हटल्यावर आपल्या नागर प्रेक्षकाला धसका बसेल, पण मी रत्नागिरीची आहे आणि माझे आजोळ कुडाळजवळचे आहे. देवळाच्या जत्रेत मध्यरात्रीनंतर उभा राहिलेला दशावतार उजाडेपर्यंत पाहत बसणे, मध्येच आजीच्या मांडीवर डोळा लागणे आणि संकासुराच्या आवाजाने दचकून उठणे हे आम्ही लहानपणी केलेले आहे. त्यामुळे रात्र हेच नाटकाचे खरे माप असू शकते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. तीनच्या सुमारास गारवा वाढला, लोकांनी शाली आणि पांघरुणे काढली, काही उठून गेले, पण बहुतेक जण राहिले. साडेपाचनंतर भिंतीचा वरचा कठडा हळूहळू फिका दिसू लागला, दिव्यांचा उजेड दगडावर पांढरट पडू लागला आणि पाकोळ्या परत आल्या. कोणत्याही प्रकाशयोजनाकाराला हा बदल योजता येत नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलले, की पहिला प्रश्न भाषेचा येतो. मला फ्रेंच येत नाही, चार शब्दांपलीकडे मुळीच नाही. नाटकाचे इंग्रजी भाषांतर मी आधी वाचून गेले होते, आणि महोत्सवातील अनेक प्रयोगांना भिंतीवर इंग्रजी व फ्रेंच उपशीर्षकेही असतात. पण खरे सांगायचे तर मोठ्या नाटकात पुष्कळसे वाचावे लागतच नाही. या नाटकातली विवाहित नायिका परपुरुषाच्या ओढीने घर सोडण्यापूर्वी आपल्या पायातला रेशमी जोडा कुमारी मेरीच्या मूर्तीच्या हाती देते आणि मागणे मागते, की मी पापाकडे धावलेच तर एका पायाने लंगडत धावेन असे कर. ते शब्द मला कळले नाहीत, पण एका पायात जोडा आणि दुसरा पाय अनवाणी अशी ती स्त्री त्या प्रचंड भिंतीखाली उभी राहिली, तेव्हा देवीची ओटी भरताना मनातली भीती बोलून टाकणाऱ्या आपल्याकडच्या बायका मला आठवल्या. 2022 च्या सप्टेंबरपासून महोत्सवाचे संचालक तियागो रॉड्रिग्ज आहेत. ते पोर्तुगीज असून या जागेवर आलेले पहिले परदेशी आहेत. त्यांनी दरवर्षी एका भाषेला पाहुणी म्हणून बोलावण्याची प्रथा सुरू केली आणि 2023 ते 2025 या तीन वर्षांत इंग्रजी, स्पॅनिश आणि अरबी यांचा मान झाला. पुढे कधी एखाद्या भारतीय भाषेला हे आमंत्रण जावे, असे मनापासून वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळची वाटेल अशी आणखी एक जागा शहराबाहेर आहे. आव्हिन्योंपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर बुल्बों गावाजवळ दगडाची जुनी खाण आहे. 1985 च्या जुलैत ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी ज्याँ-क्लोद कारिएर यांच्या संहितेवरून 'महाभारत' पहिल्यांदा रंगवले ते त्या खाणीत. प्रयोग नऊ तासांचा होता, कधी तीन रात्रींत विभागून, तर कधी एका रात्रीत सलग होत असे. भीष्म, द्रोण आणि भीम आफ्रिकी व जपानी नटांनी केले, तर द्रौपदीच्या भूमिकेत आपल्या मल्लिका साराभाई होत्या. पाश्चात्त्यांनी आपले महाकाव्य त्याच्या मातीपासून तोडून वापरले, अशी टीका भारतात झाली आणि त्या टीकेत तथ्य आहे, असे मला आजही वाटते. तरीही त्या खाणीच्या पिवळसर कड्याखाली उभे राहिल्यावर, इथे वाळू, पाणी आणि आगीच्या साथीने कौरव-पांडव उभे राहिले होते, ही कल्पना मनातून जात नाही. खाणीत आजही प्रयोग होतात आणि तिथे नेण्या-आणण्यासाठी बसची सोय असते.

राजवाड्यातले आणि खाणीतले हे प्रयोग निवडक व निमंत्रित असतात. त्यांच्या जोडीला त्याच दिवसांत शहरभर दुसरा महोत्सव चालतो, त्याला तिथे 'ऑफ' म्हणतात, आणि सहलीच्या व्यवस्थापकांनी ज्याला 'काही कार्यक्रम' म्हटले त्यातला मोठा भाग हाच होता. 1966 साली आंद्रे बेनेदेत्तो या स्थानिक नाटककाराने कोणाच्या निमंत्रणाची वाट न पाहता महोत्सवाच्या काळात आपल्या छोट्या नाट्यगृहात स्वतःचे नाटक लावले, तिथून त्याची सुरुवात झाली. आता दरवर्षी दीड हजारांहून अधिक नाटके तटबंदीच्या आत व आसपास होतात. गॅरेज, शाळांचे वर्ग, जुनी प्रार्थनागृहे, तळघरे, जिथे पन्नास खुर्च्या मावतील अशी प्रत्येक जागा नाट्यगृह होते आणि सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत प्रयोग चालतात. इथे येण्यासाठी कोणाची निवड होत नाही. बहुतेक ठिकाणी संस्थेने जागेचे भाडे भरायचे, राहण्या-जेवणाचा खर्च सोसायचा आणि प्रेक्षक स्वतः मिळवायचा.

हा प्रेक्षक मिळवणे मी जवळून पाहिले. रंगाऱ्यांची गल्ली म्हणून एक रस्ता आहे, त्याच्या कडेने सॉर्ग नदीचा पाट वाहतो आणि पाटावर शेवाळलेली जुनी पाणचक्कीची चाके आहेत. दुपारी ऊन चाळिशीला टेकलेले असताना तिथे साधारण माझ्याच वयाची एक अभिनेत्री संपूर्ण वेशभूषेत, हाती पत्रके घेऊन उभी होती. तिने पत्रक नुसते हातात कोंबले नाही. आम्हाला भाषा येत नाही असे कळल्यावर ती आमच्याबरोबर दगडी कठड्यावर बसली आणि मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, तिने आपल्या नाटकाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजून 40 मिनिटांच्या प्रयोगाला आम्ही गेलो, तेव्हा आम्हाला धरून अकरा प्रेक्षक होते. त्या अकरांसाठी चौघांनी जीव ओतून काम केले. प्रयोग संपल्यावर टाळ्या घेताना त्यांच्यातल्या एकाने, आवडले असेल तर चार जणांना सांगा, अशी विनंती केली. आम्ही बाहेर पडतो तोच ती अभिनेत्री विंगेतून टेबल उचलून आणताना दिसली, कारण पुढच्या संस्थेची माणसे पेट्या घेऊन गल्लीत खोळंबली होती. लेव्हल्स म्हणजे रंगमंचावरचे चौथरे उचलणे, स्पॉट उतरवणे, वायरी गुंडाळणे हे सगळे पंधरा मिनिटांत झाले. एकांकिका स्पर्धेत घड्याळाकडे पाहत सेट लावणाऱ्या आणि काढणाऱ्या आमच्या मुलांची पावले मला त्या चौघांत ओळखू आली. अर्ध्या तासाने ती पुन्हा पत्रके घेऊन रस्त्यावर होती.

या कलावंतांचे पोट कसे चालते, हे मी तिला विचारले. तिने सांगितलेली व्यवस्था आपल्याकडच्या रंगकर्मींनी समजून घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये नाटक-चित्रपटांत तुटक काम करणाऱ्या नटांनी आणि तंत्रज्ञांनी बारा महिन्यांत 507 तास नोंदलेले काम केले, तर काम नसलेल्या दिवसांत त्यांना बेकारी विम्यातून भत्ता मिळतो. तालमीचे आणि बिनकामाचे दिवस हेही कलावंताच्या आयुष्याचेच दिवस आहेत, हे त्या कायद्याने मानले आहे. 2003 साली या अटी कडक करण्याचा निर्णय झाला, तेव्हा नट आणि तंत्रज्ञ संपावर गेले आणि त्या वर्षीचा आव्हिन्योंचा मुख्य महोत्सव रद्द झाला. करोनाच्या टाळेबंदीत आपल्याकडचे पडद्यामागचे कामगार कोणत्या अवस्थेत होते, ते मी जवळून पाहिले आहे, आणि आमच्या संघाचा दिवेवाला त्या काळात भाजी विकत होता. म्हणून 507 हा आकडा मी वहीत लिहून घेतला.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. मुख्य महोत्सवाचा कार्यक्रम वसंतात जाहीर होतो, आणि राजवाड्यातल्या चौकाची तिकिटे लवकर संपतात, म्हणून ती घरूनच काढावीत. पॅरिसहून वेगवान रेल्वे पावणेतीन तासांच्या आत आव्हिन्योंला पोहोचते. तटबंदीच्या आत राहणे जुलैत फार महाग पडते, तेव्हा नदीपलीकडच्या व्हिलनव्हमध्ये राहावे, तिथून चालतही येता येते. 'ऑफ'चे सवलत कार्ड घेतले, तर तिकीट स्वस्त पडते. दुपारी डोक्यावर टोपी आणि रात्री अंगावर शाल दोन्ही लागतात, कारण उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा सुटला, की उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. महोत्सवात काही पाहायचे नसले तरी मॉन्स गल्लीतल्या व्हिलार यांच्या स्मृतिभवनात एक तास काढावा. तिथे जुने पोशाख, छायाचित्रे आणि महोत्सवाची कागदपत्रे जपून ठेवली आहेत.

मराठी माणसे आता मोठ्या संख्येने युरोपला जातात आणि त्यांतली निम्मी तरी घरी नाटकाची तिकिटे काढणारी असतात. अशा माणसांना त्या दगडी चौकातल्या रिकाम्या खुर्च्या दाखवून परत बसमध्ये बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मला वाटते. आपल्या लेखाबरोबर छापलेल्या प्रवासक्रमात आव्हिन्योंच्या पुढे 'दोन तास' असे लिहिले आहे. लेख पुढे पुस्तकात किंवा अन्यत्र पुन्हा छापला जाणार असेल, तर जुलैपुरते तरी तिथे 'एक मुक्काम' असे लिहावे, ही लेखकांना आणि आपणांस विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी